लिंबाच्या पानावरची चंदेरी रेघ: नागअळीचा पतंग कसा जगतो, कुठवर पसरलाय, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या नोंदी

कोपरीकर | ६ जुलै, रात्री ९.१५

पाऊस लागला की ठाण्यातल्या प्रत्येक बागकाम ग्रुपवर एकच फोटो फिरायला लागतो. कागदी लिंबाचं कोवळं पान, त्यावर नागमोडी चंदेरी रेघ, पान आक्रसून वाकडं झालेलं, आणि खाली प्रश्न: "कुठलं औषध मारू?" उत्तरं दहा येतात, पण रेघ कोणी काढली हे क्वचितच कोणी सांगतं. म्हणून हा धागा.

ही रेघ एका पतंगाची अळी काढते. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. शेतकरी तिला नागअळी म्हणतात, कृषी खात्याच्या पत्रकांत "पाने पोखरणारी अळी" असं असतं. पतंग तुमच्या घरात येऊन गेला तरी कळणार नाही. पंख पसरले तरी जेमतेम ४ मिलिमीटर. पुढचे पंख चंदेरी-पांढरे, त्यावर पिवळट तपकिरी पट्टे, आणि प्रत्येक पंखाच्या टोकाशी एक काळा ठिपका. मागचे पंख अगदी चिंचोळे, कडेला लांब केसांची झालर. भिंग लावून पाहिला तर देखणा आहे.

मादी अंधार पडल्यावर अंडी घालते. एकेक, सुटं, बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेजवळ. पान कुठलं? नुकतं उलगडलेलं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर लांबीचं. जुन्या, जाड झालेल्या पानाकडे ती ढुंकूनही बघत नाही, कारण तिथे अळीला शिरता येत नाही. एक मादी साधारण ५० अंडी घालते.

अळी अंड्यातून निघते ती थेट पानाच्या आतच. बाहेरच्या जगात ती एक क्षणही येत नाही. पानाच्या अगदी वरच्या पापुद्र्याखाली शिरते आणि गोधडीच्या अस्तराखाली गेलेल्या मांजरासारखी पुढे पुढे सरकत राहते. डोकं चपटं, जबडे पात्यासारखे. पापुद्र्यातल्या पेशी कापायच्या आणि रस प्यायचा, एवढंच काम. त्याखालचा हिरवा गर ती खात नाही. त्यामुळे पानाला आरपार भोक पडत नाही. पापुद्रा सुटतो, खाली हवा भरते आणि ती जागा चंदेरी चमकते. रेघेच्या मधोमध जी बारीक काळपट रेषा दिसते ती अळीची विष्ठा. सुरुवातीला रेघ दोऱ्याएवढी असते, अळी वाढेल तशी रुंद होत जाते. म्हणजे कुठून निघाली आणि कुठे पोचली हे पानावर सरळ वाचता येतं.

अशा तीन अवस्था खाण्यात जातात. चौथी अवस्था चमत्कारिक आहे: अळी खाणंच सोडते आणि फक्त रेशीम काढते. पानाच्या कडेपाशी येते, कड रेशमाने ओढून दुमडते आणि त्या घडीत कोष करते. पानाची कड वळलेली दिसली की आत बहुधा कोष असतो किंवा होऊन गेलेला असतो.

वेळेचा हिशेब हवामानावर आहे. अंडं २ ते १० दिवस, अळी ५ ते २० दिवस, कोष ६ ते २२ दिवस. उबेत अख्खा फेरा १३ दिवसांत संपतो, थंडीत ५२ दिवसांपर्यंत लांबतो. ठाण्याची थंडी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळे इथे हा किडा वर्षभर काही ना काही चालूच ठेवतो. त्याला अडवते ती एकच गोष्ट: कोवळं पान नसणं.

आता प्रसार. कीटक आपल्याच बाजूचा आहे, आशियातला. हेन्री स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये त्याचं वर्णन केलं ते कोलकात्याहून आलेल्या नमुन्यांवरून. पुढे तो लिंबूवर्गीय झाडांच्या मागोमाग जगभर गेला. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातच पोचला. १९९३ हे वर्ष मात्र त्याचं. मे महिन्यात तो फ्लोरिडात सापडला, त्याच वर्षी स्पेनमध्ये. वर्षभरात फ्लोरिडाचा सगळा संत्रापट्टा आणि दोन-तीन वर्षांत भूमध्य सागराचा जवळजवळ सगळा किनारा त्याच्या ताब्यात. १९९६ मध्ये ब्राझील, २००० मध्ये कॅलिफोर्निया.

मला हवंय ते इथलं. आपल्या भागात कुठल्या झाडावर, कुठल्या महिन्यात, कितव्या मजल्यावर दिसतो? फोटो टाका, पानाच्या दोन्ही बाजूंचा टाका.

नेरूळची_अपर्णा | ६ जुलै, रात्री १०.०२

छान धागा! माझ्याकडे टोमॅटो आणि वालाच्या पानांवर अगदी हीच रेघ आहे. म्हणजे लिंबावरून तिकडे गेली का? दोन्ही कुंड्या शेजारी शेजारी आहेत.

कोपरीकर | ६ जुलै, रात्री १०.२०

नाही, अपर्णाताई, ती दुसरी मंडळी. वाल, टोमॅटो, काकडी, झेंडू यांच्या पानांवरची पांढरी नागमोडी रेघ बहुतेक करून एका छोट्या माशीची असते, पतंगाची नाही. मूळ अमेरिकेतली, भारतात १९९० च्या सुमारास आली. ओळखायची खूण विष्ठेत आहे. लिंबावर मधोमध एकसंध रेषा दिसते. माशीच्या रेघेत काळे तुकडे असतात, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. शिवाय माशीची अळी पानाचा हिरवा गर खाते, म्हणून पान उजेडासमोर धरलं की रेघ स्वच्छ आरपार दिसते. तिचा कोषही बहुधा मातीत पडतो, पानाची कड दुमडत नाही.

टोमॅटोवर रेघेऐवजी मोठे, पसरट, वाळलेल्या पापुद्र्यासारखे डाग असतील आणि फळालाही भोकं असतील, तर तो टुटा. तोही पतंगच. दक्षिण अमेरिकेतला, भारतात २०१४ मध्ये पुणे परिसरात पहिल्यांदा सापडला. गंमत म्हणजे टुटाला १९१७ मध्ये नाव दिलं एडवर्ड मेरिक या इंग्लंडमधल्या शाळामास्तराने, पेरूहून आलेल्या नमुन्यावरून. आपल्याकडच्या कितीतरी बारीक पतंगांना त्यानेच नावं दिली आहेत, शाळेत शिकवता शिकवता.

नेरूळची_अपर्णा | ६ जुलै, रात्री १०.३१

तुकडे तुकडे दिसताहेत. म्हणजे माशी. बरं, माझं घर चौदाव्या मजल्यावर आहे. एवढासा पतंग इथपर्यंत उडत येतो?

बाटलीभर_अर्क | ७ जुलै, सकाळी ७.४५

उडत कशाला, नर्सरीतून रिक्षाने येतो. :) घोडबंदर रोडच्या नर्सरीतून आणलेल्या प्रत्येक लिंबाच्या रोपावर मी ही रेघ बघितली आहे. सोपा उपाय: भांडी घासायच्या साबणाचं पाणी, त्यात लसूण-मिरचीचा रस, दर आठवड्याला फवारा. माझं लिंबू टकाटक आहे.

कोपरीकर | ७ जुलै, सकाळी ८.३०

रिक्षाचा मुद्दा शंभर टक्के पटला. दुमडलेल्या कडेत कोष असलेलं रोप एका गावाहून दुसऱ्या गावाला गेलं की पतंगही गेला. जगभरचा त्याचा प्रसारही रोपांच्या वाहतुकीतूनच झाला असं मानतात.

लसूण-मिरचीबद्दल मात्र सहमत नाही. अळी पापुद्र्याखाली आहे, वरून पडलेलं साबणाचं पाणी तिला लागतच नाही. तुमचं लिंबू टकाटक आहे ते बहुधा मोठं आहे आणि त्याला सध्या कोवळी पालवी नाही. फोटो टाका, बघू.

बाटलीभर_अर्क | ७ जुलै, सकाळी ९.१०

झाड आठ-नऊ फूट आहे हे खरं. पण फवारा सोडणार नाही. श्रद्धा आहे.

वरूडचा_संत्रेवाला | ७ जुलै, दुपारी १.२५

सध्या मुक्काम खारघर, मूळचा वरूडचा, घरी संत्र्याची बाग. आमच्याकडे हा विषय लहान पोरालाही ठाऊक असतो. कोवळ्या पालवीला आम्ही नवती म्हणतो. नवती फुटली की नागअळी आली, नवती जून झाली की गेली. बागेत एकाच वेळी नवती फुटली तर थोड्या दिवसांत सगळं उरकतं. पण झाडावर पानसोट सोडले, म्हणजे ते बुंध्याकडून सरळसोट वर जाणारे रसरशीत फुटवे, तर नवती सतत येत राहते आणि अळीला बारा महिने पंगत. म्हणून वडील पानसोट दिसला की हाताने मोडतात.

शहरातली मंडळी नेमकं उलटं करतात. दर पंधरा दिवसांनी शेणखत, वर युरियाची चिमूट, वर "आकार यावा" म्हणून कात्री. झाड बिचारं सतत नवं पान काढतंय आणि अळी सतत जेवतेय.

मोठ्या झाडाला नागअळीने फारसं काही होत नाही. तीन-चार वर्षांच्या पुढच्या झाडाची थोडी पानं वाकडी झाली म्हणून फळ कमी येत नाही. काळजी करायची ती रोपवाटिकेत आणि पहिल्या दोन-तीन वर्षांच्या कलमांची, कारण तिथे सगळीच पानं नवती असतात. दुसरी काळजी खैऱ्याची, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाची. कागदी लिंबू खैऱ्याला लवकर बळी पडतं. पावसात अळीने पापुद्रा फाडलेला असतो, खैऱ्याचे जिवाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर त्याच जखमांतून आत जातात. उघड्या बागेत पावसाळ्यात आम्ही पान बघतो ते नागअळीसाठी कमी, खैऱ्यासाठी जास्त.

औषध मारायचंच असेल तर निंबोळी अर्क, ५ टक्के, आणि तो नवती पेरभर असतानाच. पान रेघांनी भरल्यावर मारला तर अर्क वाया.

कोपरीकर | ७ जुलै, दुपारी २.००

वा! हा प्रतिसाद वर पिन करायला हवा. नवती हा शब्द इथून पुढे मी चोरणार. निंबोळी अर्काचं कामही बरोबर तिथेच आहे: कोवळ्या पानावर अंडी घालू न देणं आणि नुकत्या निघालेल्या अळीची वाढ रोखणं.

विचारवंत_वाशी | ७ जुलै, दुपारी ४.४०

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये रोज लिंबाच्या गोण्या येतात. त्यातून पतंग पसरत असतील का? की उगाच शंका?

वरूडचा_संत्रेवाला | ७ जुलै, सायंकाळी ५.५०

शंका उगाच नाही, पण लिंबू येतं ते पानाशिवाय. अळीचा सगळा संसार पानात. कधीमधी कोवळ्या फांदीवर, अगदी क्वचित फळाच्या सालीवर रेघ असते. पान-देठासकट आलेली संत्री मात्र वेगळी गोष्ट. मार्केटमध्ये पानासकट फळ ताजं दिसतं म्हणून तसं ठेवतात. पण ती पानं जून असतात.

येऊरची_पायवाट | ८ जुलै, सकाळी ६.५०

पक्षी बघणारी माणसं आता पतंगांकडे वळली आहेत, त्यातलीच मी एक. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर मॉथ वीक असतो, तेव्हा पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग बघायला लोक जमतात. पण सांगते, नागअळीचा पतंग चादरीवर शोधायला जाऊ नका. चादरीवर बसला तरी चिलट समजून झटकाल. या लोकांची नोंद दिवसा करायची, पानावरून. झाड कुठलं ते माहीत असलं आणि रेघेचा आकार नीट बघितला की बऱ्याच वेळा कुळापर्यंत, कधी प्रजातीपर्यंत पोचता येतं. पतंग हातात नसतानाही.

येऊरच्या रस्त्याला करंजाची पानं बघा. त्यांवर रेघेऐवजी फुगलेले फिकट फोड दिसतील. ती करणारी अळी नागअळीच्याच कुळातली, ग्रॅसिलॅरिडी. काजूच्या कोवळ्या पानांवर कोकणात जो फोड येतो तोही याच कुळातल्या अळीचा. सुरुवात बारीक रेघेने, मग तिचा मोठा फोड, आणि कोषासाठी ती अळी पान सोडून मातीत उतरते. म्हणजे एकाच कुळात कोणी पानाच्या कडेला घर करतं, कोणी जमिनीत.

एक विनंती: लिंबाचं पान कडेपासून कुरतडलेलं, अर्धं गायब असेल तर ती नागअळी नाही. ती फुलपाखराची अळी. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी, नंतर हिरवीगार. लाईम बटरफ्लाय असेल, कॉमन मॉर्मन असेल, नशीब असेल तर ब्लू मॉर्मन, जे आपलं राज्य फुलपाखरू आहे. तिला फवारे मारू नका. चार पानं खाऊ दे की.

वसंतविहार_माळी | ८ जुलै, सकाळी ९.२०

म्हणजे रेघ असलेलं पान तोडायचं की ठेवायचं? आमच्या ग्रुपवर यावर भांडण झालंय. एक पक्ष म्हणतो सगळी वाकडी पानं खुडून जाळा.

वरूडचा_संत्रेवाला | ८ जुलै, सकाळी १०.०५

ठेवा. वाकडं झालं तरी हिरवं आहे ना? झाडाला तेवढंच अन्न करून देतं. आणि सगळी खुडली की झाड घाबरून नवी नवती काढतं. म्हणजे पुन्हा तेच.

नेरूळची_अपर्णा | ८ जुलै, सकाळी १०.४०

पण कडा दुमडलेली पानं? त्यात कोष आहे म्हणालात. ती तर काढायला हवीत ना?

येऊरची_पायवाट | ८ जुलै, सकाळी ११.३०

रोप लहान असेल, पानं मोजकीच असतील तर काढा हरकत नाही. पण जाळू नका, बरणीत ठेवा. खरंच. रुंद तोंडाची काचेची बरणी, तळाला किंचित ओला टिश्यू पेपर, तोंडाला रबर लावून तलम कापड. थोड्या दिवसांनी त्यातून काय निघतं ते बघा. माझ्या बरणीतून पतंगाऐवजी डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी निघाली आहे, तीही एकापेक्षा जास्त वेळा. मधमाश्यांसारखी डंख मारणारी नव्हे. मिलिमीटरभराची, अळीवर वाढणारी.

कोपरीकर | ८ जुलै, दुपारी १२.१५

हाच मुद्दा मला फवाऱ्यांबद्दल मांडायचा होता. या बारीक गांधीलमाश्या नागअळीच्या आत किंवा अंगावर अंडी घालतात. आपल्याकडे त्या पिढ्यानपिढ्या आहेत, म्हणून नागअळी इथे त्रासदायक असली तरी हाताबाहेर जात नाही. फ्लोरिडात ती पोचली तेव्हा तिचे हे शत्रू सोबत आले नव्हते. मग १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातून एजेनिॲस्पिस सिट्रिकोला नावाची गांधीलमाशी आणून सोडली. ऑस्ट्रेलियाने ती आधी थायलंडहून आणली होती. तिची करामत अशी की तिने घातलेल्या एका अंड्याचे आत तुकडे होऊन अनेक भ्रूण बनतात. एका अळीच्या शरीरातून तिची तीन-चार किंवा त्याहूनही जास्त पिल्लं निघतात. भूमध्य भागात सिट्रोस्टिकस नावाची दुसरी एक गांधीलमाशी आशियातून नेली, ती तिथे चांगलीच रुळली. तिचं पहिलं वर्णन भारतातल्याच नमुन्यांवरून झालेलं.

बाल्कनीत रासायनिक कीटकनाशक मारलं तर आधी मरते ती ही माशी. अळी पापुद्र्याखाली निवांत.

बाटलीभर_अर्क | ८ जुलै, दुपारी १२.४०

लसूण-मिरची रासायनिक नाही हो.

कोपरीकर | ८ जुलै, दुपारी १२.४८

मिलिमीटरभराच्या माशीला विचारा. साबणात बुडाली तर तिला फरक कळणार नाही.

म्युनिकचा_डोंबिवलीकर | ८ जुलै, रात्री ११.५५

उशिरा वाचलं. इकडच्या पान पोखरणाऱ्या पतंगाची गोष्ट सांगतो, प्रसाराचा विषय आहे म्हणून.

बव्हेरियातल्या बिअर गार्डनमध्ये सावलीला हॉर्स चेस्टनटची झाडं असतात. ऑगस्ट लागतो न लागतो तोच ती तपकिरी पडतात, जणू शरद ऋतू आला. कारण नागअळीच्याच कुळातला एक पतंग, कॅमेरारिया ओहरिडेला. १९८४ मध्ये तो मॅसेडोनियात ओहरिड सरोवराजवळ पहिल्यांदा लक्षात आला, १९८६ मध्ये त्याला नाव मिळालं. १९८९ मध्ये ऑस्ट्रियात, मग सगळ्या मध्य युरोपभर, २००२ मध्ये लंडनच्या विम्बल्डनमध्ये. गाड्यांना आणि ट्रकला चिकटलेल्या पानांबरोबर तो पुढे सरकला असं मानतात. वर्षात तीन पिढ्या होतात आणि कोष गळलेल्या पानांतच हिवाळा काढतात, म्हणून इथल्या नगरपालिका शरदात चेस्टनटची पानं गोळा करून नेतात. शेजारी म्हातारे आजोबाही करतात, पहाटे सहाला, आवाजासकट.

बरीच वर्षं वाद होता की हा पतंग आला कुठून. कोणी म्हणे आशियातून, कोणी म्हणे अमेरिकेतून. मग २०११ मध्ये संशोधकांनी युरोपातल्या वनस्पती संग्रहांमधली वाळवून दाबलेली चेस्टनटची जुनी पानं तपासली. १८७९ मध्ये ग्रीसमध्ये गोळा केलेल्या पानांत त्याच पतंगाच्या अळ्या दाबलेल्या सापडल्या. त्यांच्या डीएनएवरूनही खात्री झाली. म्हणजे तो बाल्कनच्या डोंगरांत आधीपासून होता, शंभर वर्षं कोणी बघितलाच नव्हता. पान गोळा करणाऱ्याला अळीशी काही देणंघेणं नव्हतं. तो बिचारा झाडासाठी पान दाबत होता.

येऊरची_पायवाट | ९ जुलै, सकाळी ७.१०

काय सुंदर आहे हे! आपल्याकडच्या जुन्या वनस्पती संग्रहांतही लिंबाची, बेलाची पानं असतीलच. कोणी भिंग घेऊन बसेल का?

कौपिनेश्वर_जवळचा | ९ जुलै, सकाळी ९.००

बेलाचं नाव निघालं म्हणून विचारतो. बेलावरही ही अळी येते का? जांभळी नाक्यावर श्रावणात बेलाचे गड्डे येतात, त्यात कित्येक पानांवर अशी चंदेरी रेघ असते. आमचे गुरुजी म्हणतात बेलपान अखंड हवं, किडलेलं नको. रेघ म्हणजे किडलेलं धरायचं का? चेष्टा नाही, घरी खरंच वाद आहे.

कोपरीकर | ९ जुलै, सकाळी ९.४५

कीटकशास्त्राचं सांगतो, धर्मशास्त्राचं गुरुजींना विचारा. बेल हा लिंबाच्याच कुळातला, रुटेसी. नागअळीच्या यजमान झाडांत बेलाची नोंद आहे. श्रावणात बेलाला कोवळी पालवी असते आणि पूजेला नेमकं कोवळं पानच निवडतात, म्हणून तुम्हाला रेघा जास्त दिसत असणार. पानाला भोक मात्र नाही. पापुद्रा सुटलाय, पान अखंड आहे. हा युक्तिवाद गुरुजींपुढे चालतो का ते कळवा.

कौपिनेश्वर_जवळचा | ९ जुलै, रात्री ८.३०

चालला नाही. "आत जीव आहे तर देवाला कसं वाहायचं" म्हणाले.

विचारवंत_वाशी | ९ जुलै, रात्री ९.०५

गुरुजी नागअळीच्या बाजूने आहेत हे ऐकून बरं वाटलं.

ऑनलाईन कामगंध सापळे मिळतात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे, गृहसंकुलाच्या गच्चीवर एखादा लावावा का? टोमॅटोच्या टुटासाठी लोक वापरतात.

कोपरीकर | १० जुलै, सकाळी ८.००

टुटाचा सापळा नागअळीच्या नराला बोलावणार नाही, प्रत्येकीचा गंध वेगळा. नागअळीच्या बाबतीत तर आणखी गुंता आहे. जपानमध्ये १९८० च्या दशकात एका रसायनाकडे नर ओढले गेले, पण तेच रसायन इतर देशांत लावलं तर नर फिरकेनात. पुढे कळलं की मादीच्या गंधात आणखी एक मुख्य घटक आहे. २००६ च्या सुमारास तो सापडला तेव्हा अमेरिकेत सापळे चालले. तेव्हा पाकिटावर काय लिहिलंय ते बघून घ्या. आणि सापळा पतंग मोजायला चांगला, बाल्कनीतलं झाड वाचवायला नाही. मोजायची हौस असेल तर जरूर लावा, आकडे इथे टाका.

सीवूड्स_सेक्रेटरी | १० जुलै, दुपारी ३.१५

आमच्या संकुलात लिंबू एकही नाही, पण कंपाउंडला कुंतीचं कुंपण आहे. सकाळी हा धागा वाचून खाली उतरलो. कोवळ्या टोकांवर रेघा आहेत. लिंबाची अळी कुंतीवर?

येऊरची_पायवाट | १० जुलै, दुपारी ३.५०

कुंतीही रुटेसी. नागअळीची कुंतीवर नोंद आहे. पण फोटो टाका, दोन्ही बाजू, जवळून, शक्यतो मागे उजेड ठेवून. मधली विष्ठेची रेषा आणि दुमडलेली कड दोन्ही दिसली तर आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, स्थळ आणि तारखेसकट. "नवी मुंबईत लिंबू नसतानाही नागअळी" ही नोंद मोलाची आहे.

वरूडचा_संत्रेवाला | १० जुलै, सायंकाळी ६.३०

कुंपणाची छाटणी किती दिवसांनी होते? दर महिन्याला होत असेल तर अख्खं नवी मुंबई नवतीवर आहे असं समजा. माझा तर संशय आहे की आपल्या बाल्कन्यांतल्या लिंबांना पतंग पुरवतात ती हीच कुंपणं.

सीवूड्स_सेक्रेटरी | १० जुलै, सायंकाळी ७.०५

दर तीन आठवड्यांनी. माळ्याचं कंत्राटच तसं आहे. फोटो रात्री टाकतो. छाटणी थांबवायचा विषय मात्र मी मीटिंगमध्ये काढणार नाही. गेल्या वेळी कबुतरांच्या जाळ्यांवर अडीच तास गेले होते.

नेरूळची_अपर्णा | १० जुलै, सायंकाळी ७.२०

मी काढते. आमच्याकडेही कुंती आहे आणि आमचे चेअरमन बागकाम ग्रुपवर आहेत. पण आधी पानं बघून येते, इथल्या कुंपणावर रेघ नसेल तर उगाच भांडण कशाला.